गाऱ्हाणं घालणाऱ्याची कवळी

वरच्या कवळीचं माप घेण्यात विशेष काही नाही. ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरायचा, ट्रे टाळूवर दाबून धरायचा आणि लगदा आळेपर्यंत दोघांनीही गप्प बसायचं. खरी परीक्षा असते ती ट्रेची मागची कड मऊ टाळूला टेकते तेव्हा. रत्नागिरीत इतकी वर्षं दातांचा दवाखाना चालवल्यावर माझं असं मत झालं आहे की माणसाच्या अंगात घसा हा एकच अवयव असा आहे, ज्याला हुद्दा कळत नाही. अर्ध्या जिल्ह्याच्या बदल्या ज्यांच्या सहीनं होत असत ते निवृत्त साहेब माझ्या खुर्चीत डोळ्यांतून पाणी गाळत माझा हात ढकलत होते. पहाटे बागेत लोकांना श्वासावर ताबा मिळवायला शिकवणारे एक गुरुजी ट्रे नुसता ओठांजवळ आल्यावर उठून बेसिनकडे पळाले, आणि परत आल्यावर म्हणाले, "आज पोट साफ नाही." सगळ्यांचं हेच. उबळ येते ती पोटामुळे, हवेमुळे, सकाळच्या पोह्यांमुळे, माझ्या हातमोज्यांच्या वासामुळे. भीती वाटली म्हणून आली, असं सांगणारा क्वचितच भेटतो. ज्या एकानं तसं सरळ सांगितलं, त्याची ही हकिकत.

थंडीच्या दिवसांत एक म्हातारा माझ्याकडे आला. सोबत बायको आणि पुतण्या. खरं म्हणजे पुतण्या आला होता, आणि त्याच्यासोबत ही दोघं होती. दार त्यानं उघडलं, नाव त्यानं सांगितलं, दुखणंही त्यानंच सांगितलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन फोन. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष असल्याचं त्यानं बसण्याआधी सांगितलं आणि बसल्यावर पुन्हा सांगितलं.

"मॅडम, काकांचा गॅगचा प्रॉब्लेम आहे. तोंडात काहीही घातलं की लगेच उबळ."

"काहीही नाय," म्हातारी मागून म्हणाली. "भाकर घातली तर काय नाय व्हत."

मी म्हाताऱ्यालाच विचारलं, "आजोबा, काय होतं तुम्हाला?"

"भ्या वाटतंय ओ," तो म्हणाला. "दुसऱ्याचा हात तोंडात आला की वाटतंय, आता श्वास बंद व्हनार."

मला तिथेच त्याच्याबद्दल आदर वाटला. साहेबांना आणि गुरुजींना जे सांगायला जमलं नव्हतं ते यानं एका वाक्यात सांगितलं होतं.

संगमेश्वरच्या बाजूच्या एका आतल्या गावातली ही माणसं. आमच्याकडच्या गावांत शिमग्याला देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या दगडी ओट्यावर, बसली की गावातर्फे देवाला गाऱ्हाणं घालतात. एक मानकरी उभा राहून गावाचं सगळं मागणं मोठ्यानं मांडतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात. देवाला हे आधीच ठाऊक असावं अशी आपली समजूत. पण दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. कचेऱ्यांची सवय देवालाही लागली असावी. या गावात गाऱ्हाण्याचा मान आजोबांच्या घराकडे होता. बापानंतर तो त्यांच्याकडे आला आणि त्यांनी तो जन्मभर सांभाळला. पुढे दात गेले. एकेक करत सगळेच गेले. मग शब्दांच्या कडा झिजल्या, आणि शेवटच्या एक-दोन शिमग्यांना तर तोंडातून नुसती हवा जात होती. देव मनातलं जाणतो असं वर्षभर म्हणणारे लोक, देवाला आता यांचे उच्चार कळत नाहीत, अशी तक्रार करू लागले.

यावर पुतण्यानं उपाय केला तो मुंबईच्या पद्धतीचा. त्यानं गावच्या शाळेत मोफत कवळी शिबिर भरवलं. व्यासपीठ, शाली, नारळ, मागे एका पुढाऱ्याचा हसरा फलक. त्या फलकावरचे दात इतके सरळ आणि पांढरे होते की शिबिराची गरज नेमकी कुणाला आहे ते लगेच कळावं. पुढारी यायला उशीर झाला तोवर म्हातारी माणसं बाकांवर तोंडं उघडून बसली होती. मग भाषणं झाली. भाषणानंतर घाईघाईनं मापं घ्यायला सुरुवात झाली आणि पहिला मान गावच्या मानकऱ्याचा, म्हणून कॅमेऱ्यासमोर आजोबांच्या तोंडात भलामोठा ट्रे कोंबण्यात आला. पुढाऱ्यानं फोटोसाठी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. पुढे जे झालं ते पुढाऱ्याच्या पांढऱ्या बुटांवर झालं.

हे मला पुतण्यानं सांगितलं नाही. म्हातारीनं सांगितलं, आणि बूट हा शब्द उच्चारताना तिला हसू आवरलं नाही.

पण गावानं ते हसण्यावारी नेलं नाही. ज्या तोंडानं देवाशी बोलायचं त्या तोंडात परकी वस्तू गेली आणि तोंडानं ती बाहेर फेकली, तेव्हा ही देवाचीच नाखुशी असली पाहिजे, असं काहींनी ठरवलं. खोट्या दातांनी देवाशी खरं कसं बोलणार, असाही एक मुद्दा निघाला. मुद्दा काढणाऱ्याला स्वतःच्या खऱ्या दातांचा या बाबतीत काय उपयोग झाला होता ते कुणी विचारलं नाही. अखेर देवाला कौल लावायचं ठरलं. गुरवानं देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. इतका सरळ व्यवहार, पण प्रश्न विचारणारी मंडळी पुढारलेली होती. त्यांनी विचारलं, "देवा, खोट्या दातांनी घातलेलं गाऱ्हाणं तुला चालतं का, का ते पुतण्यानं घालावं?" पाकळी उजवी पडली. म्हाताऱ्याची बाजू म्हणाली, चालतं. पुतण्याची बाजू म्हणाली, पुतण्यानं घालावं. देवानं होय म्हटलं होतं यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

यातून गावानं मार्ग काढला तो असा: शिमग्याला सहाणेवर आजोबा दात घालून उभे राहिले आणि त्यांचं बोलणं लोकांना कळलं, तर मान त्यांचा. नाहीतर पुतण्याचा, आणि तोही कायमचा. पुतण्याला गाऱ्हाणं पाठ नव्हतं. तो ते फोनवरून वाचणार होता. तरी काकांना माझ्याकडे त्यानंच आणलं होतं, कारण आपण सगळे उपाय करून पाहिले असं त्याला गावात सांगता यायला हवं होतं.

"तुम्हाला मान का हवा आहे?" मी आजोबांना विचारलं. पुतण्या तेव्हा फोनवर बोलत बाहेर गेला होता.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. म्हातारी म्हणाली, "घरात यांचं कोन ऐकत नाय, वाडीत कोन ऐकत नाय. वरसातून येकदा सगला गाव हुबा ऱ्हाऊन ऐकतो. तेवडां तरी ऱ्हाऊ दे."

मी कामाला लागले. माझ्याजवळ उपायांची कमतरता नव्हती. कोल्हापूरच्या एका मोठ्या हॉटेलात या विषयावरचं व्याख्यान मी ऐकलं होतं. परदेशी जाऊन आलेले तज्ज्ञ होते. पहिल्या चित्रात ते स्वतः होते, दुसऱ्या चित्रात ते एका गोऱ्या तज्ज्ञाबरोबर होते, घसा तिसऱ्या चित्रात आला. त्यांनी सांगितलं की जिभेवर चिमूटभर मीठ ठेवा, लक्ष दुसरीकडे वळवा, पाय उचलून धरायला सांगा, घशात बधिर करणारा फवारा मारा आणि रुग्णाला विश्वासात घ्या. विश्वासात कसं घ्यायचं याचं चित्र नव्हतं. त्यानंतर जेवण होतं आणि ते उत्तम होतं.

मीठ आजोबांनी चघळून गिळलं आणि विचारलं, "आनखी हाय का?" पाय उचला म्हटल्यावर त्यांनी दोन्ही पाय उचलले, आणि मी आरसा जिभेपलीकडे नेताच डावा पाय माझ्या अवजारांच्या थाळीत आला. फवाऱ्यानं तर कहर केला. घसा बधिर झाला, थुंकी गिळलेली कळेना, आणि आजोबा खुर्चीत ताडकन उठून बसले.

"गला कुटं गेला माजा?"

"इथेच आहे आजोबा. थोडा वेळ झोपलाय."

"त्याला उटवा. उटवा आदी. मी जातंय."

म्हातारी पदरात तोंड घालून हसत होती. पुतण्या दारातून म्हणाला, "मॅडम, मी आधीच सांगितलेलं. काकांना नाही जमणार." त्याच्या आवाजात दुःख होतं, पण ते बेतानं वापरलेलं होतं.

मी त्यांना बाहेर बसून जरा शांत व्हायला सांगितलं आणि दुसरा रुग्ण घेतला. थोड्या वेळानं दारातून पाहिलं तर आजोबांनी कमरेची डबी काढून तपकीर बोटावर घेतली होती. बोट त्यांनी तोंडात घातलं, हिरड्यांवरून मागे नेलं, अगदी अक्कलदाढेच्या जागेपलीकडे नेलं, आणि तिथे ते सावकाश घोळवत बसले. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर समाधान. माझा आरसा ज्या जागेपर्यंत पोचूही शकत नव्हता त्या जागी त्यांचं स्वतःचं बोट सुखानं नांदत होतं. तपकिरीविरुद्ध मी आजवर शाळांतून, बचतगटांतून आणि खुर्चीत अडकलेल्या अनेक निराधार माणसांपुढे भाषणं दिली आहेत. त्या दिवशीही दिलं. आजोबांनी ते ऐकून घेतलं आणि डबी कमरेला परत लावली. पण माझं अर्धं लक्ष भाषणात नव्हतं. त्यांचा घसा नाजूक नव्हता, त्याचा दुसऱ्याच्या हातावर भरवसा नव्हता, एवढंच. आणि आजवर जे हात त्याच्या वाट्याला आले होते ते पाहता घशाचं काही चुकलं होतं असं मला वाटेना.

मी सगळ्यांत लहान प्लास्टिकचा ट्रे घेतला, त्याची मागची कड घासून कमी केली आणि तो रिकामाच आजोबांच्या हातात दिला.

"हा तुम्ही घाला. मी हात लावणार नाही."

"मी?"

"तुमचं तोंड आहे. हवा तेवढा आत न्या, नको वाटलं की काढा. तपकीर लावता तसं."

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, धोतराला पुसला (मी डोळे मिटले), मग पाण्यानं धुतला आणि आत नेला. अर्ध्यावर थांबले. काढला. पुन्हा नेला. उमासा आला, पण तो त्यांचा होता, त्यामुळे ते त्याला घाबरले नाहीत. मी त्यांना नाकानं श्वास घ्यायला सांगितलं, मान मागे न टाकता जरा पुढे झुकून बसायला सांगितलं, आणि तो ट्रे घरी न्यायला दिला. रोज घालायचा, रोज जरा जास्त वेळ ठेवायचा, काम करता करता ठेवायचा.

पुढच्या खेपेला दोघंच आली. पुतण्याची रजा संपली होती. "काय म्हणतो ट्रे?" मी विचारलं.

"तो काय म्हननार?" म्हातारी म्हणाली. "तोंडात घालून बागेत फिरतात. माकडां आली तर वरडता येत नाय. नुसते हातवारे करतात. माकडां बगत बसली, मंग तीच भिऊन पलाली."

"घशाशी येतं का अजून?"

"येतंय," आजोबा म्हणाले. "पन आता माला कलतंय, कवा येनार. येनार असां वाटला की नाकान श्वास घेतंय. मंग जातंय मागं."

याच सुमारास मुंबईहून पुतण्याचा फोन आला. काका दिवसभर तोंडात प्लास्टिक धरून फिरतात, अशी बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. "मॅडम, मला त्यांची काळजी वाटते. वय झालंय. डोक्यावर परिणाम झालाय असं लोक बोलतात. तुम्ही डॉक्टर म्हणून एक दाखला दिलात की त्यांच्या प्रकृतीला हा ताण झेपणार नाही, तर गावात त्यांचाच मान राहील."

"मान राहील की जाईल?"

"म्हणजे, सन्मानानं सोडता येईल ना त्यांना."

मी त्याला सांगितलं की मी फक्त दातांची डॉक्टर आहे आणि काळजीवर माझ्याकडे औषध नाही. त्यानं फोन ठेवताना आभार मानले. अध्यक्ष मंडळी आभार मानायला विसरत नाहीत.

मापाचा दिवस आला. रिकामा ट्रे तोंडात धरणं वेगळं आणि थंडगार लगद्यानं भरलेला ट्रे धरणं वेगळं. लगदा मागे ओघळला की सगळी तालीम वाया जाणार हे मला ठाऊक होतं. शिवाय मध्येच ट्रे काढला तर माप बिघडणार. मी लगदा जरा घट्ट कालवला, मागच्या बाजूला कमी भरला आणि ट्रे आजोबांच्या हातात दिला. त्यांनी तो स्वतः आत नेला, वर दाबला, आणि त्यांचे डोळे विस्फारले. छाती वरखाली व्हायला लागली. माणूस उबळ येते म्हणून श्वास धरतो आणि श्वास धरला म्हणून उबळ वाढते. अशा वेळी त्याला नाकातून आवाज काढायला लावावं, गुणगुणायला लावावं. गुणगुणणाऱ्या माणसाला श्वास धरता येत नाही.

"आजोबा, गाऱ्हाणं म्हणा. मनात. आणि नाकानं हुंकार द्या."

त्यांनी मान हलवली. जमेना. मनातल्या गाऱ्हाण्याला जोर येत नसावा. तेवढ्यात म्हातारी स्टुलावरून उठली, पदर खोचला आणि खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा!"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. मग सवयीनं, नाकातून, "हूंऽऽ".

"हा तुजा मानकरी आज तोंड उगडून तुज्या दारात बसलाय!"

"हूंऽऽ."

"त्याच्या मुकात चार शबूद घाल! बोलन्यापुरते दात दे, चावन्यापुरते देऊ नको!"

"हूंऽऽ."

"सकाली उटल्यापासून माज्यावर वरडतो! च्याय गोड झाली म्हनून वरडतो, फिकी झाली म्हनूनशान पन वरडतो!"

इथे हुंकाराला जरा उशीर झाला, पण बाहेरच्या बाकावरच्या रुग्णांनी वेळ जाऊ दिला नाही. अर्धवट उघड्या दारातून दाढ सुजलेल्या, गाल बांधलेल्या चार-पाच माणसांचा आवाज एकदम आला, "व्हय म्हाराजा!"

आजोबांचे खांदे हसण्यानं हलायला लागले. मला ट्रेची धास्ती वाटली, पण ट्रे बसला होता तिथेच बसून राहिला. म्हातारी थांबली नाही. आता खरं गाऱ्हाणं सुरू झालं. घराघराचं नाव घेऊन, कुणाच्या पोराला नोकरी, कुणाच्या सुनेची बाळंतपणातून सुटका, कुणाच्या गाईला दूध, आंब्याला मोहोर, समुद्रावर गेलेल्याला आणि आखातात गेलेल्याला सुखरूप परतीची वाट. एकही ओळ अडखळली नाही. लगदा आळला. आजोबांनी स्वतःच्या हातानं ट्रे खाली ओढला. माप स्वच्छ आलं होतं, मागच्या कडेपर्यंत.

पण ते मापाकडे पाहत नव्हते. "तुला कवापास्नं येतंय गो ह्यां?"

"तुमी शिमग्याआदी रोज रातच्याला घोकता, तां कुनाफुडं घोकता? भिताडाफुडं?"

गाऱ्हाणं कुणी घालावं यावर त्या गावात दोन तट पडले होते, देवाला मध्यस्थ केलं होतं, मुंबईहून फोन चालले होते. ते संपूर्ण पाठ असलेलं आणखी एक माणूस स्वयंपाकघरात होतं आणि त्याच्याबद्दल देवाला विचारावं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं. म्हातारी म्हणाली, "बायांनी कवा घातलां नाय." आजोबा ट्रे बेसिनमध्ये ठेवायचं विसरून तो हातात धरून बसले.

खालचं माप त्यांनी न कुरकुरता दिलं, पण माप झालं म्हणजे कवळी झाली असं नाही. वरची कवळी टाळूला चिकटून राहते ती आत हवा शिरू शकत नाही म्हणून. मागची कड मऊ टाळूच्या सीमेपर्यंत गेली तरच हवेची वाट बंद होते. कड आखूड केली तर उबळ येत नाही, पण कवळी बोलता बोलता खाली येते, आणि देवापुढे दात पडणं हे उच्चार न कळण्यापेक्षा वाईट. कड लांब ठेवली तर कवळी घट्ट बसते आणि माणूस ओकतो. ही सीमा शोधायला रुग्णाला 'आऽ' म्हणायला सांगतात. आवाज काढताना मऊ टाळू जिथून हलायला लागतो तिथे खूण करायची. मी आजोबांना 'आऽ' म्हणायला सांगण्याऐवजी 'म्हाराजा' म्हणायला सांगितलं. या शब्दात तीन वेळा तोंड उघडतं, आणि शेवटी त्यांना हाच शब्द सांभाळायचा होता. तीन-चार वेळा म्हटल्यावर टाळूची हालचाल स्पष्ट दिसली. त्या हलत्या रेषेच्या किंचित अलीकडे मी कड थांबवली.

दात निवडताना त्यांनी एकच अट घातली. "लय पांडरे नको. लोक दात बगत बसतील, ऐकनार नायत."

कवळी बसली. बोलणं पहिल्या दिवशी शिट्टीसारखं, मग हळूहळू माणसासारखं. रोज सकाळी मोठ्यानं वाचायचं, घोट घोट पाणी प्यायचं, उबळ आली तर कवळी न काढता मान पुढे घेऊन नाकानं श्वास घ्यायचा. शिमगा जवळ आला तसे ते एकदा एकटेच येऊन गेले. दुखत काही नव्हतं.

"सहानेवर वकारी आली तर, डाक्टरबाय?"

"आली तर थांबायचं. श्वास घ्यायचा."

"देवाम्होरं तोंडातनं काय बाहेर आला तर मान गेला. परत मिलत नाय तो. माज्या बापाचा होता." कवळीतून शब्द नीट आले होते, तरी त्यांनी तोंडावर हात धरला होता.

यावर कोल्हापूरच्या तज्ज्ञांनी चित्र दाखवलं नव्हतं.

शिमग्याला मी गेले. बोलावणं म्हातारीचं होतं. देवळाजवळच्या सहाणेसमोर मांडव, मांडवावर झालर, झालरीच्या खाली अध्यक्षांच्या शुभेच्छांचा फलक. ढोल थांबले, पालखी बसली. मग पुतण्या माइक घेऊन पुढे आला. ध्वनिक्षेपकाची व्यवस्था मंडळातर्फे केल्याचं त्यानं सांगितलं, म्हणजे आता कुणाचंही बोलणं शेवटच्या माणसापर्यंत पोचेल आणि कळतंय की नाही ते सगळ्यांनाच ठरवता येईल. त्याचं स्वतःचं बोलणं शेवटच्या माणसापर्यंत पोचत होतं आणि शेवटचा माणूस जांभया देत होता. त्याच्या दुसऱ्या हातात फोन तयार होता. काकांची गाडी कुठे थांबली तर पुढचं लगेच वाचता यावं म्हणून तो माइक धरून काकांच्या शेजारीच उभा राहिला.

आजोबा उभे राहिले. डोक्याला मुंडासं. जरा पुढे झुकले.

"बा देवा म्हाराजा!"

शब्द स्वच्छ आले. 'म्हाराजा' तर मांडवाच्या बाहेर गेला. लोकांनी क्षणभर होकार द्यायचं सोडून एकमेकांकडे पाहिलं, मग "व्हय म्हाराजा!" असा दणका उठला. एकेक घर पुढे येऊ लागलं. मी शब्द ऐकत नव्हते. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते.

मध्यावर तो गळा वर चढला. मला ते दिसलं, म्हातारीलाही दिसलं असावं, कारण तिनं माझा दंड पकडला. "समिंदरावर गेलेल्यांना," असं म्हणून आजोबा थांबले. वाक्य पुरं झालं नव्हतं. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, हनुवटी छातीकडे गेली. पुतण्यानं फोनची काच उजळली. पण गर्दीला वाक्य पुरं होण्याशी देणंघेणं नव्हतं. मानकरी थांबला की आपण बोलायचं एवढं तिला पिढ्यानपिढ्या माहीत होतं. "व्हय म्हाराजा!" लोक ओरडले, आणि त्या लांबलचक होकारात आजोबांनी नाकानं श्वास भरून घेतला, गिळलं, आणि मान वर केली. "समिंदरावर गेलेल्यांना आनि आखातात गेलेल्यांना सुखरूप घरला आन!"

"व्हय म्हाराजा!"

त्यानंतर ते कुठेच अडले नाहीत. उलट आवाज चढत गेला. कवळी हलली नाही. शेवटाकडे ते पालखीच्या अगदी जवळ सरकले. माइक धरलेला पुतण्याही सरकला.

"बा देवा म्हाराजा! ह्ये तुजे मुंबयवाले दोन दिसांची रजा काडून येतात, गावाला शानपन शिकवतात, आनि तुज्या देवलाच्या पायरीवर सवताचां नाव कोरतात! त्यांच्या डोसक्यात वायच उजेड पाड!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला. त्यात सर्वांत मोठा आवाज माइकपाशी असलेल्या माणसाचा होता.

आपण कशाला होकार दिला ते लोकांना टप्प्याटप्प्यानं कळत गेलं. पहिलं हसू बायकांच्या बाजूनं फुटलं. देवळाच्या पायरीजवळ उभ्या असलेल्या दोघातिघांनी वाकून तिच्यावरचं अध्यक्षांचं नाव वाचलं.

गाऱ्हाणं पुरं झालं, नारळ फुटला, ढोल पुन्हा सुरू झाले. पुतण्या काकांजवळ गेला. माइक चालू आहे याचं भान त्याला राहिलं नव्हतं.

"काका, हे नवीन कधी घातलंत?"

"नवीन?" आजोबा म्हणाले. "तुजा बापूस मुंबयला गेला तवापास्नं घालतंय. दर वरसाला तूच तर 'व्हय व्हय' करतोस."

"पण हे असं... माइकवर?"

"माइक तू आनलास."

हेही शेवटच्या माणसापर्यंत पोचलं. मान आजोबांकडेच राहिला. त्यांचं बोलणं कळत नाही अशी तक्रार करायला त्या दिवसानंतर कुणीच पुढे आलं नाही.